कोरी नळी

मी काचेची नळी नळाच्या पाण्याने विसळली. रक्तातलं मोकळं लोखंड मोजणाऱ्या माणसाने असं करायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे इतरांना शिकवण्यापुरतं.

लोखंड एरवी एका प्रथिनाच्या कडेवर बसून रक्तात फिरतं. कडेवरून निसटलेलं तेवढं आम्ही शोधतो. ते इतकं थोडं असतं की रसायन घातल्यावर जेमतेम जांभळी झाक येते. म्हणून नळ्या आम्लात भिजवून शुद्ध पाण्याने धुवायच्या. त्या दिवशी धुतलेल्या संपल्या होत्या आणि मला भूक लागली होती.

कॉलेजात शिकणाऱ्या मधुराला लहानपणापासून दर महिन्याला रक्त चढवावं लागतं, आणि त्यातलं लोखंड अंगात साठत जातं. तिच्या नमुन्याला पिकल्या जांभळाचा रंग आला. लोखंड बाहेर काढणारं औषध वाढवा, असं मी डॉक्टरांना कळवणार, तेवढ्यात आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख प्रधानबाईंनी विचारलं, “कोरी लावली होती का?”

कोरी म्हणजे रक्ताशिवायची, नुसत्या शुद्ध पाण्याची. तशीच विसळलेली नळी घेऊन ती आता लावली. तीही जांभळी झाली. आमच्या गंजक्या टाकीचं लोखंड मी एका मुलीच्या नावावर घातलं होतं. घरीदारी किती जणांना मी असंच मोजलं असेल, कोरी न लावता, कोण जाणे.

नमुना संपला होता. पुन्हा सुई टोचावी लागेल, हे सांगायला मीच गेलो. सगळं ऐकून मधुराने बाही वर सरकवली.

“सर, हे रक्त लोकांनी दिलेलं आहे,” ती म्हणाली. “तुमच्या नळासारखं येत नाही ते.”