अन्वरीभाभीची इरली आणि दोन सरकारं

भोरच्या कचेरीबाहेर टेबल टाकून मी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत आलोय. तेव्हा सरकार म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगू नये. सरकारला हात, पाय, डोळे काही नसतं. एक जावक क्रमांक असतो आणि तो खालच्या माणसाच्या मानगुटीवर बसवायला एक शिपाई असतो. हे माझं मत जुनंच आहे, पण अन्वरीभाभीच्या इरल्यांपायी ते पक्कं झालं.

अन्वरी सलीम तांबोळी आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. सलीमभाईंची पानाची टपरी एसटी स्टँडवर. शेजारी चहाच्या चार गाड्या, आणि त्या गाड्यांमागं दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचा ढीग. एका पावसाळ्यात घाटाकडच्या हिर्डोशी गावची ठकुबाई टपरीच्या आडोशाला येऊन उभी राहिली. डोक्यावर खताच्या पोत्याचा फाटका कागद, पाठ निथळत होती. भातलावणीला दिवसभर वाकायचं, दोन्ही हात चिखलात, म्हणजे छत्री धरणार कशानं? बाजारातला पातळ प्लास्टिकचा कागद घाटाच्या वाऱ्यात चार दिवसांत फाटतो. भाभीनं हे नुसतं ऐकलं आणि घरी येऊन कामाला लागली.

तिची रीत अशी. पिशव्या कापायच्या, सोड्यानं धुवायच्या, दोरीवर वाळवायच्या. मग दोन पिशव्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून वर जुनं वर्तमानपत्र धरायचं आणि इस्त्री फिरवायची. इस्त्री जास्त तापली तर भोक पडतं, कमी तापली तर कड उसवते. तो अंदाज तिच्या हाताला होता. असा जोडून मोठा तागा झाला की मशिनवर काठाला कापडी पट्टी मारायची. डोक्यापासून पोटरीपर्यंत पाठ झाकणारं इरलं तयार. वरंधा घाटाच्या बाजूच्या बायका ते घ्यायला यायच्या आणि बदल्यात तांदूळ, नाचणी ठेवून जायच्या. दहा वर्षं हे बिनबोभाट चाललं, कारण सरकारला त्याचा पत्ता नव्हता.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात तो लागला. दिल्लीच्या कुठल्याशा योजनेचे एक साहेब जीपमधून उतरले. त्यांना कचऱ्यातून वस्तू करणारी बाई फोटोसाठी हवी होती. त्यांनी इरलं स्वतः अंगावर घेतलं, फोटो काढला आणि म्हणाले, "बाई, केंद्राच्या नियमाप्रमाणे पुनर्वापराच्या मालावर तसं लेबल पाहिजे. लेबल लावा, मग तुम्हाला कुणी हात लावणार नाही."

लेबलाचा मजकूर मी रचला. उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू. 'टाकाऊ प्लास्टिकपासून पुनर्निर्मित, अन्वरी सलीम तांबोळी, भोर' असं एका ओळीत, झोकदार. प्रेसमधून कापडी चिठ्ठ्या छापून आणल्या. भाभी शाळेत गेलेली नाही, पण त्या ओळीत आपलं नाव कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं, ते तिनं बोट ठेवून माझ्याकडून शिकून घेतलं. रेशनकार्डावर ती सलीमची बायको होती. इथं ती इरल्याची करणारी होती. प्रत्येक इरल्याच्या गळ्यापाशी तिनं ती चिठ्ठी चारी बाजूंनी शिवली.

पुढच्या वर्षी राज्याला जाग आली. मुंबई बुडाली त्याचा राग प्लास्टिकवर निघाला आणि नियम कडक झाला. केंद्र म्हणे पिशवी वीस मायक्रॉनची चालेल, राज्य म्हणे पन्नासच्या खाली चालणार नाही. मायक्रॉन म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. जून संपता संपता राज्याचे साहेब आले ते जाडी मोजायचं यंत्र घेऊनच. भाभीच्या पडवीत लावणीसाठी दोनशेचाळीस इरली घडी करून ठेवलेली होती.

साहेबांनी एक उलगडलं आणि यंत्रात धरलं. जोडावर आकडा भरपूर आला, मध्ये कमी.

"पन्नास भरत नाही," साहेब म्हणाले.

"ते साहेब वीस म्हनलं हुतं," भाभी म्हणाली.

"ते केंद्राचं."

"आन ही पिशवी न्हाई साहेब. डोक्यावर घ्यायचं हाय. ह्यात कोन काय भरनार?"

यावर साहेब थोडे अडखळले. नियम पिशवीचा होता आणि इरलं काही पिशवी नव्हे, एवढं त्यांच्याही डोक्यात शिरलं. ते गेलेही असते. तेवढ्यात त्यांना चिठ्ठी दिसली. त्यांनी ती चष्मा वर करून वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"टाकाऊ. तुम्हीच लिहून दिलंय की. म्हणजे हा कचरा झाला. राहत्या घरात विनापरवाना कचऱ्याचा साठा. गुरुवारी टेम्पो घेऊन येतो."

मी बाजूलाच उभा होतो. माझी झोकदार ओळ माझ्यासमोर पुरावा म्हणून लिहून घेतली गेली.

मी दिल्लीवाल्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, अंमलबजावणी राज्याकडे, आम्ही त्यात पडत नाही. मात्र लेबल काढू नका, तो आमच्या नियमाचा भंग होईल. मग राज्याच्या साहेबांना लावला. ते म्हणाले, मूळ कायदा केंद्राचा, सूट हवी असेल तर तिकडून पत्र आणा. म्हणजे चिठ्ठी ठेवली तर राज्य माल नेणार, काढली तर केंद्र धरणार. पगार दोघांनाही आपल्याच खिशातून जातो, हे आठवून माझं डोकं भणभणलं.

"दोन सरकारं हायती का एकच?" भाभीनं विचारलं.

"कामाच्या वेळी एकपन न्हाई," मी म्हणालो.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं ठकुबाई आली, बरोबर पाच बायका. रोपं तयार होती, सोमवारी लावणी सुरू. भाभीनं त्यांना सगळं सांगितलं. ठकुबाईनं ऐकलं आणि विचारलं, "मंजी भांडान त्या चिठ्ठीचं हाय व्हय? मग ती काडून टाक."

"दिल्लीवालं धरतील," मी म्हणालो.

"दिल्ली हिर्डोशीला येती का? एसटी येत न्हाई धड."

कातऱ्या दोन होत्या, एक ब्लेड. सातजणी पडवीत बसल्या. चिठ्ठ्या घट्ट शिवलेल्या, टाका टाका उसवावा लागत होता. भाभीनं मला विचारलं, "रकमाजीभाऊ, टाकाऊ तेवढं कापून नाव ठिवता यील का?" मी एक चिठ्ठी हातात घेऊन पाहिली. ओळ एकच, अक्षराला अक्षर लागलेलं. कातरी घालायला जागा नव्हती. मी मान हलवली. तिनं पुढचं इरलं ओढलं आणि उसवायला घेतलं. मला तेव्हा माझ्या त्या ओळीची लाज वाटली, आजही वाटते.

अकरा वाजता सहाजणी चाळीस चाळीस इरल्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन स्टँडकडे गेल्या. बारा वाजता टेम्पो आला. पडवी रिकामी बघून साहेबांची पंचाईत झाली. टेम्पो मागवलेला, पंच बरोबर, जप्ती तर दाखवायलाच हवी. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या चिठ्ठ्यांच्या ढिगावर गेली. त्यावर टाकाऊ छापलेलंच होतं. त्यांनी तो ढीग पिशवीत भरला, वजन केलं, पंचनामा लिहिला. खाली माझी सही आहे. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी तेवढी एक पिशवी ठेवून साहेब पुण्याला गेले.

हिर्डोशीची लावणी त्या वर्षी कोरड्या पाठीनं झाली. पण आठवड्यानं भाभी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "अर्ज लिवा. इरल्याचं काय न्हाई. चिठ्ठ्याबी ठिवू द्या. पर माजं नाव कचऱ्यात नगं."

मी लिहिलं. विषय: नाव परत मिळणेबाबत. एक प्रत केंद्राला, एक राज्याला. खाली तिनं अंगठा नाही उमटवला. बोटानं शिकलेली अक्षरं एकेक आठवत सही केली. त्याला आता दोन वर्षं होतील. टपाल आलं की ती भिंतीपलीकडून विचारते, आलं का काय. मी न्हाई म्हणतो.