भाचीचं भाडं

आमच्या गावाला पूल नाही असं कोणी म्हटलं की मी लगेच दुरुस्त करते. पूल आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून तो मंजूर आहे, फक्त अजून नदीवर आलेला नाही. तोवर वैनगंगा ओलांडायला डोंगा आहे, आणि माझ्या आठवणीत तरी तो डोंगा म्हणजे मामा.

शाळा पलीकडच्या गावी होती. हिवाळ्यात सकाळी घाटावर उतरावं तर पलीकडचा काठ दिसतच नसे. धुक्यातून बांबू पाण्यात पडल्याचा आवाज यायचा, मग डोंग्याचं टोक, मग डोक्याला पंचा गुंडाळलेला मामा. मी अर्धवट झोपेतच असायचे. डोंगा सुटला की दोन्ही काठ नाहीसे व्हायचे आणि आपण कुठेच जात नाही आहोत, नुसते पाण्यावर ठेवलेले आहोत, असं वाटायचं. ते वाटणं मला फार आवडे. शाळा येऊच नये असं वाटायचं, आणि ते काही फक्त गणितामुळे नव्हे. तळाच्या फळ्यांतून पाणी झिरपायचं, ते तेलाच्या रिकाम्या डब्याने बाहेर काढायचं काम माझ्याकडे असे. सगळेच डोंगे थोडं थोडं पाणी पितात अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती.

मामा माझ्या आईचा भाऊ नव्हता. आई पलीकडच्या गावची, आणि आमच्याकडे आईच्या गावचा हरेक माणूस मामा. आम्ही बौद्ध, तो ढिवर, म्हणजे मासेमारी आणि डोंग्यावर जगणाऱ्यांतला. एरवी जात कुठे कुठे आडवी येते ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण हे गावाचं नातं तिलाही ओलांडून जातं. आमच्या भागात मामा भाचीच्या पाया पडतो. पुण्याकडच्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती हसत सुटली होती. पण दिवाळीत पांढऱ्या मिशांचा मामा दारात यायचा, माझ्या धुळीच्या पायांना हात लावायचा आणि मी लाजून चूर व्हायचे. भाचीला द्यायचं, तिच्याकडून घ्यायचं नाही, असा नियम. म्हणून शाळेची सगळी वर्षं मी फुकट गेले. कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही, मलाही नाही.

माझं माहेर-सासर एकच गाव. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा सोयीची बाई म्हणून लोकांनी मला निवडून दिलं. मी फार काही विचारणार नाही असा त्यांचा होरा असावा. होरा चुकला. घाटावर डोंगा चालवायचा पंचायतीचा ठेका संपत आला होता. तो आजवर दिला कसा जायचा, असं मी विचारलं. मुलचेऱ्याहून बदलून आलेला ग्रामसेवक चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "काई नाई ताई, बुढ्यालेच देते. कोणाले सांगत बी नाई, विचारत बी नाई. पंचायतीतल्या लोकाइच्या घरचे समदे फुकट जातात नं."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी भाची म्हणून फुकट जात होते, उपसरपंचाची सून फुकट जात होती, सदस्यांची बाजाराची पोती फुकट जात होती. नदीवरून बघितलं तर सगळं सारखंच दिसत असणार. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं करायला माझं मन तयार होतं, पण जीभ तयार होईना.

नातेवाइकाच्या ठेक्यावर सरपंचाने सही करावी का, असा मी नियम विचारला. ग्रामसेवक म्हणाला, "तो तुमचा नातेवाईक नाई नं. कागदावर कोणी नाई लागत तो तुमचा." कागदाला काय कळतं!

ठेका नव्याने ठरेपर्यंत आपण भाडं द्यायचं, असं मी ठरवलं. मामाला वाईट वाटेल हे माहीत होतं, पण किती वाटेल ते माहीत नव्हतं. पलीकडे उतरताना मी दहाची नोट पुढे केली. त्याने नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय करून राह्यली तू?"

"मामा, ठेक्याचं ठरवायचं आहे. सही माझी असते. सही होईपर्यंत तरी घ्या."

"भाचीपासून पैसे घेऊ मी? मले नरकात पाठवाचं आहे काय तुले?"

"सगळेच देतात."

"समदे माह्या भाच्या आहेत काय?"

मी नोट फळीवर ठेवली आणि उतरले. मागे वळून पाहिलं नाही. नोट त्याने उचलली नाही असं मागून कोणी सांगितलं. परत येताना मी पुन्हा ठेवली. असे आम्ही दोघं हट्टाला पेटलो, आणि तो माझ्याशी बोलायचा थांबला.

त्या वेळी पहिल्यांदाच घाटाची दवंडी पिटली गेली. कोतवाल दोन्ही काठांवर ओरडत फिरला. अर्ज दोनच आले. एक मामाचा. दुसरा गावातल्याच एका तरण्या पोराचा. तो कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात काही वर्षं राबून परत आला होता आणि साठवलेल्या पैशांतून त्याने इंजिनाचा डोंगा घेतला होता. सोबत नारिंगी रंगाची लाइफ जॅकेटं. कॉलेजला जाणाऱ्या पोरींच्या आया ती जॅकेटं हात लावून लावून बघत होत्या. त्यांच्या पोरी माझ्यासारख्याच डब्याने पाणी उपसत जात होत्या, आणि पावसाळ्यात आयांचा जीव घाटावर टांगलेला असायचा.

त्या दिवसांत मला दुपारच्या डुलकीत एकच स्वप्न पडायचं. डोंग्यात मी लहान आहे, धुकं आहे, मी डब्याने पाणी काढते आहे, आणि जितकं काढते तितकं येतं. मामा मागे उभा राहून बांबू टाकतो आहे आणि त्याला कशाचीच घाई नाही. भीती अजिबात वाटायची नाही. जाग आल्यावर मात्र वाटायची.

ठेका कोणाला मिळावा असं मला वाटत होतं? मामाला. खोटं कशाला बोलू! डोंगा गळतो हे गावात सगळ्यांत चांगलं मलाच माहीत होतं, आणि तरीही मामालाच मिळावा असं वाटत होतं. म्हणूनच बैठकीत तो विषय आला तेव्हा मी उठले. म्हणाले, "हा माणूस माझा मामा लागतो. या विषयात मी बसत नाही." आणि बाहेर येऊन मोहाच्या झाडाखाली बसले. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. ऊन कोवळं होतं, बकऱ्या चरत होत्या, आपण मोठं चांगलं काम केलं म्हणून मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. जरा गुंगीही आली.

उपसरपंच बाहेर आला तो हसतच. "झालं ताई. मामाले देऊन टाकला."

"काऊन? त्या पोराचा डोंगा पाहिला काय कोणी?"

"पाहाचं काय त्यात? तुमी उठून गेल्या, तवाच समजलो आम्ही. तुमच्या तोंडानं बोलाले लाज वाटते, म्हणून आमच्यावर सोडलं. बरोबर नं?"

एक क्षण मला आनंद झाला, अगदी मनापासून. मग तितकाच संताप आला. आत बसून बोलले असते तर निदान कोणी विरोध तरी केला असता. बाहेर जाऊन मी नुसती खूण केली होती, आणि त्यांनी ती ओळखली होती. खुर्ची सोडली की माणूस सुटतो असं वाटलं होतं, पण ती खुर्ची लागट बाईसारखी माझ्यामागे झाडाखालीही येऊन बसली होती.

घरी नवरा म्हणाला, "आता गप राह. पाण्यात राहून माशाशी वैर कशाले?" मी त्याच्यावरच चिडले, कारण तो माझ्या मनातलंच बोलला होता. दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत जाऊन गटविकास अधिकाऱ्यांना सांगितलं की हा ठराव माझ्या तोंडाकडे बघून झाला आहे, तुमचा माणूस पाठवा, घाटावर सगळ्यांसमोर ठरू द्या. त्यांनी मला तेच दोनदा सांगायला लावलं. स्वतःच्याच पंचायतीची तक्रार घेऊन आलेली सरपंच त्यांना बहुधा पहिलीच भेटली असावी.

विस्तार अधिकारी आला. दोन्ही डोंगे पाण्यात उतरवले, माणसं बसवली, मधल्या धारेपर्यंत नेऊन आणले. मी गर्दीत मागे उभी होते. मामाचा डोंगा परत आला तेव्हा बसलेल्यांचे पाय ओले होते. साहेबाने वाकून तळ पाहिला, डबा पाहिला.

"हे पाणी नेहमीच येते काय, बाबा?"

मामा म्हणाला, "येते साहेब. पोट्ट्या काढतात नं."

काही लोक हसले. मामाही हसला. मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या पोट्ट्यांतली एक मीच तर होते.

ठेका त्या पोराला मिळाला. सगळ्यांसमोर, बोली लावून, डोंगा तपासून. त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि तेच सगळ्यांत वाईट वाटलं. मामाने आपला डोंगा वर ओढला आणि वाळूत पालथा घातला. गावात म्हणू लागले, भाचीनंच मामाले बुडवलं. बाया माझ्या तोंडावर म्हणायच्या, "बरं केलं ताई, पोरींचं भलं झालं," आणि पाठ फिरली की दुसरंच. त्या दिवाळीत मामा आमच्या दारात आला नाही. मी करंज्या डब्यात भरून ठेवल्या आणि कोणाच्या हाती पाठवायचं धाडस झालं नाही.

मग थंडी पडली. एका सकाळी पंचायत समितीच्या बैठकीला जायला मी घाटावर उतरले. धुकं होतं. नव्या डोंग्यात बरीच माणसं आधीच बसली होती. जागा शोधत बसले आणि मग पाहिलं की शेजारी मामा आहे. मिशा, पंचा, आणि अंगात नारिंगी जॅकेट. आमच्या काठाला कोणाच्या तेराव्याला आला होता, परत घरी निघाला होता. त्याला डोंग्यात बसलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. त्याचे हात मांडीवर होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

इंजिन सुरू झालं, काठ सुटला. मधल्या धारेत दोन्ही काठ गेले, आणि मला वाटलं, आता इथेच राहू. पलीकडे पोचलोच नाही तर बोलावंही लागणार नाही.

तो पोरगा भाडं मागत आमच्यापर्यंत आला. मी पर्स उघडली. मामाने माझ्या हातावर हात ठेवला. खिशातून चुरगळलेल्या नोटा काढल्या, बोटं थंडीने आखडली होती म्हणून मोजायला वेळ लागला, आणि त्या पोराला म्हणाला, "दोघाइचे घे. भाची आहे माही."

मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आता माह्यं काईच तुह्या हाती नाई. आता त चालते नं?"

मी मान हलवली. पर्स बंद करून मांडीवर ठेवली, आणि काठ येईपर्यंत त्याचा हात माझ्या हातावरच होता.