माफी मागण्याचा तास

पिस्तूल कपड्यांखाली लपवून हिंडायचा परवाना हवा असेल, तर ओहायोच्या आमच्या डोंगराळ कोपऱ्यात लोक नोरीन स्टॅम्परच्या दोन दिवसांच्या वर्गाला जायचे. तिने सही केलेला दाखला दाखवला की शेरीफच्या कचेरीतून परवाना मिळायचा. त्याच कचेरीत नोरीनने एकोणीस वर्षं आणीबाणीचे फोन घेतले होते. गोळी झाडून बसलेली माणसं तिने फार ऐकली होती. "अजून हलतोय हो तो, मी काय करू?" असं रडत विचारणारे बाप, भाऊ, शेजारी. मारणाऱ्यांतला एकही तिला गुंड वाटला नव्हता. नेम धरायला माणूस दोन दिवसांत शिकतो, पण अपमान गिळायला त्याला जन्म पुरत नाही, हे त्या खुर्चीत बसून तिच्या हाडीमाशी मुरलं होतं.

म्हणून तिच्या वर्गात शनिवारी दुपारी माफी मागण्याचा तास असायचा. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये ती जोड्या लावायची. एकाने तोंडाला येईल ते बोलायचं, अगदी आईबहिणीवरून. दुसऱ्याने हात उघडे ठेवून म्हणायचं, "चूक माझी. माफ करा." मग मागे मागे चालत आपल्या गाडीत, म्हणजे एका घडीच्या खुर्चीत बसायचं, दार लावायचं आणि निघून जायचं. एवढंच. पण खाणीत पंचवीस वर्षं काढलेले रेडे इथे घामाघूम व्हायचे.

"मिस नोरीन, मी काय माफी मागायला पिस्तूल घेतलंय?" एकदा एकाने विचारलं.

"हो. पिस्तूल नव्हतं तोवर भांडायची चैन होती तुम्हाला. आता ती संपली. आजपासून गावातलं प्रत्येक भांडण तुम्ही आधीच हरलेले आहात."

तिचा धाकटा भाऊ गारलंड टॅकेट एका मार्चमध्ये या वर्गात येऊन बसला. वय एक्कावन्न. बाटल्यांचा कारखाना बंद पडल्यापासून घरी, आणि बायको ट्वायला त्याला सोडून कोलंबसला गेलेली. माणूस बोलायला गोड. भडकणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, तो साठवायचा. लहानपणी वडिलांनी कानफटात मारली की हा हसायचा, आणि चार दिवसांनी त्यांच्या गळाच्या काठ्या गुडघ्यावर मोडून ठेवायचा. हे नोरीनइतकं कोणाला ठाऊक असणार?

माफीच्या तासात गारलंडने बहार उडवली. टोपी काढली, कमरेत वाकला आणि म्हणाला, "चूक माझी साहेब! माझी, माझ्या आजीची, आमच्या कुत्र्याची पण! पोटात घाला!" सगळा हॉल लोटपोट झाला. नोरीनही डोळे पुसून हसली. मग पुसलेल्या डोळ्यांना दिसलं की त्याचं तोंड हसतंय, पण जबडा गच्च आवळलेला आहे.

दुसऱ्या दिवशी नेमबाजीत तो पहिला आला. लेखी परीक्षेत दोनच चुका. मनाचं काय, असं विचारणारा रकाना त्या कागदावर नव्हता. पण दाखला अडवायचा हक्क नोरीनला होता, आणि याआधी दोघांचा तिने अडवलाही होता. दोघेही परके. तिचं पेन थांबलेलं पाहून गारलंड म्हणाला, "कर की गं सही, नोरी. सगळं गेलंय माझं. एवढं तरी असू दे जवळ." तिने सही केली. आपलाच आहे, नंतर बसवून समजावू, असं तिने मनाला सांगितलं. ते नंतर काही आलं नाही.

जूनमधल्या एका रविवारी गारलंड तळ्यावर गेला. होडी पाण्यात सोडायच्या उतारावर गाडी लावून हा सावकाश सामान भरत बसला. ते काम वरच्या मैदानात उरकून मगच उतारावर यायचं, एवढं आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. मागे पाच गाड्या अडकल्या. पहिल्या गाडीतून मिच लेमास्टर उतरला. सव्वीस वर्षांचा, तापट, हातात होडी बांधायचा पट्टा. त्याने गारलंडला सगळ्यांदेखत शिव्यांनी सोलून काढलं.

गारलंडने हात उघडे ठेवले. "चूक माझी. माफ करा." मागे सरत गाडीत बसला, दार लावलं, इंजिन सुरू केलं. बघणाऱ्यांनी सुस्कारा सोडला. मिच वळला आणि जाता जाता म्हणाला, "बायको उगाच नाही पळाली." गावात कोणाचं काय कोणाला ठाऊक नसतं?

गाडीचं दार पुन्हा उघडलं. मिच तिथेच ओल्या काँक्रीटवर मेला. पट्टा त्याच्या हातातच होता.

खटला उभा राहिला. पट्ट्याचा लोखंडी आकडा पाहून गारलंड घाबरला, काय करायचं ते त्याला सुचलं नाही, असं त्याच्या वकिलाचं म्हणणं. सरकारी वकिलाने साक्षीला नोरीनला बोलावलं. साक्षीच्या आदल्या दिवशी नोरीन-गारलंडची आई ओपल, चौऱ्याऐंशी वर्षांची, काठी टेकत लेकीच्या स्वयंपाकघरात आली.

"त्या शनिवारी वेळ पुरला नाही म्हण. तो तास झालाच नाही म्हण. वर्गातले बाकीचे त्याचे दोस्तच आहेत, ते तोंड उघडणार नाहीत."

"आई, मी शपथ घेणार आहे."

"मग घे ना. देवाला मी सांगेन काय सांगायचं ते. तेवढ्या एका वाक्याने दहा वर्षं कमी होतील म्हणतात. दहा वर्षांनी मी नसेन, पण तो तरी बाहेर असेल."

नोरीनने तिच्यापुढे बीन्स आणि मक्याचा पाव ठेवला. आई घासही न घेता उठून गेली.

कोर्टात सरकारी वकिलाने सरळ विचारलं, "गाडीत बसून दार लावल्यावर काय करायचं, असं तुम्ही शिकवता?"

"निघून जायचं."

"आरोपीला हे शिकवलं होतं?"

गारलंडने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. पहिल्या रांगेत ओपल मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. नोरीनला भाऊ हवा होता. खोटं बोलायचीही तिची तयारी झाली होती, रात्रभर तिने ते वाक्य घोकलं होतं. पण समोर मिचची आईसुद्धा बसलेली होती.

"शिकवलं होतं," ती म्हणाली. "वर्गात सगळ्यात छान त्यानेच करून दाखवलं."

"म्हणजे त्याच्या मनाची तयारी झालेली होती."

"नाही. नव्हती झालेली. मला त्याच दिवशी दिसलं होतं. दिसूनही मी सही केली."

न्यायाधीशांनी तिला थांबवलं. विचारलं तेवढंच बोलायचं, शेवटची दोन वाक्यं नोंदीतून काढावीत, ज्युरीने ती ऐकलीच नाहीत असं समजावं. बाराही माणसांनी माना डोलावल्या. गारलंडला कमीत कमी अठरा वर्षांची शिक्षा झाली.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात ओपल बाकावर बसून होती. नोरीन तिला आधार द्यायला वाकली, तसा म्हातारीने हात काढून घेतला. ओरडली नाही, रडलीही नाही.

"आज त्याच्यासाठी खोटं बोलणं तुला जमलं नाही," ती म्हणाली. "मग सही केलीस त्या दिवशी कसं जमलं गं?"

नोरीन वाकलेलीच राहिली. म्हातारी काठी टेकत एकटीच जिन्याकडे गेली.