झोपलेली कुंडी

आमच्या शेजारच्या काकू रिकाम्या कुंडीशी बोलायच्या. लकडगंजात आमची घरं भिंतीला भिंत लावून. सकाळी मी पाण्याची मोटर लावायला अंगणात आले की पलीकडून आवाज यायचा, "नीज वं बाई, अजून लय थंडी हाये."

कुंडी खरं तर रिकामी नव्हती. आत भुईचाफ्याचे कंद होते. हिवाळ्यात त्याची पानं वाळून जातात, वर नुसती माती उरते. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी, आपण कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला घेतो त्या दिवसांत, कोरड्या मातीतून एकदम पांढरं-जांभळं फूल वर येतं. सोबत एक पानही नसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

ते कंद लावले होते काकूंच्या लेकीनं, बेबीनं. शाळकरी वयातच ती तापानं गेली. त्याच उन्हाळ्यात कुंडीत फूल आलं, आणि काकूंसाठी बेबी परत आली.

गल्लीत कुणाचा पाय मुरगळला की काकू भुईचाफ्याचा कंद ठेचून लेप द्यायच्या. त्यासाठी वेगळ्या कुंड्या होत्या. "या कुंडीतला का नाही?" मी एकदा विचारलं. "पोरीले ठेचू का वं मी?" त्या म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा विजू पुण्याहून आला. आईला कायमचं न्यायचं त्यानं ठरवलं होतं. काकूंची अट एकच, "फूल पाहून निघीन." मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्या आत पडून होत्या. आईची लाडकी कुंडी कोरडी पडलेली विजूला बघवेना. तो तिला रोज पाणी घालत राहिला. झोपलेल्या कंदाला पाणी चालत नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

काकू बऱ्या झाल्यावर तो पुण्याला परतला. उन्हाळ्यात बाकीच्या कुंड्या फुलल्या. काकूंनी तिकडे पाहिलंही नाही. शेवटी मला बोलावून त्यांनी बेबीची कुंडी उकरली. कंदांचा काळा चिखल झाला होता.

"पाणी पाजलं वं त्यानं," त्या म्हणाल्या. मग हातांचा चिखल पुसत म्हणाल्या, "त्याले सांगजो नको. त्याचीबी बहीण होती."

ती माती त्यांनी फाटकाजवळ ओतली आणि हातानं सारखी केली.

विजू न्यायला आला. "आई, आलं का फूल?"

"येऊन गेलं. चाल, ऊन होते."

आता त्या घरात भाडेकरू आहेत. त्यांच्याकडे जाताना मी फाटकाजवळची ती जागा टाळून कडेनं जाते. परवा त्या भाडेकरू बाईंनी विचारलं, "तिथं काही हाये का जी, ताई?"

"काही नाही," मी म्हटलं. माझा आवाज आपोआप खाली आला होता.