विलासभाऊनं कोणालाच न सांगितलेली गोष्ट

बंद करा ती पोस्टरं.

"धावपटूरत्न विलासभाऊ" म्हणे! तहसीलसमोर ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान चालवणारा माणूस. पोट पुढे, तो मागे. रोज सकाळी मुलचेऱ्याच्या रस्त्यावर धावायचा तेव्हा हेच पोस्टरवाले टपरीवर बसून ओरडायचे, "भाऊ, सायकल देऊ का?"

परवा गेला. चार दिवस ताप अंगावर काढला, मलेरिया डोक्यात गेला.
आता म्हणून राह्यले, धावून धावून हार्ट गेलं.
अरे, माहिती नाही तर गप बसा ना.

मी त्याचा फॅन नव्हतो. मला राग यायचा त्याचा.
माझे पोलीस भरतीचे तीन फॉर्म त्यानंच भरले. तिसऱ्या वेळी कीबोर्डवरचा हात थांबवून म्हणाला,
"माह्या बहिणीच्या मांगं फिरून राह्यला ना तू?"
मी म्हणालो, "हो भाऊ."
"कॉलेज अर्ध्यात सोडलं. भरतीत दोनदा अर्ध्यातून आला. काही तं पुरं कर लेका. गडचिरोलीले हाफ मॅरेथॉन हाय. एकवीस किलोमीटर पुरं कर, मंग घरी चहाले ये."

मी हसलो. हा ढेरपोट्या मला धावणं शिकवणार?

गडचिरोलीत शर्यतीचा झेंडा पडला आणि मी सुटलो, भरतीचे सोळाशे मीटर मारतात तसा. आमच्याकडच्या पोरांना एकच अंतर माहीत. सोळाशे. नागपूरचे घड्याळवाले, गॉगलवाले सगळे मागे. काय माज होता मला!

तेराव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले. सागाच्या झाडाखाली बसलो, ओकलो.
मग मागून आला विलासभाऊ, तोही शर्यतीत होता. डुलत डुलत.
"काऊन बसला?"
"गोळे आले भाऊ."
"चालत ये. चालत बी पुरं होते."
आणि गेला. थांबला नाही, वळून पाहिलं नाही. मनात शिव्या दिल्या मी त्याला.

मग मागे राहिलेल्यांना उचलणारा टेम्पो आला. ड्रायव्हर म्हणाला, "बसतो का? मांगं कोनी नाई आता."
बसलो.

पुढे विलासभाऊ दिसला. घामानं निथळत, तीच चाल. मी खाली वाकलो, पण त्यानं पाहिलं. नजरेला नजर भिडली.

टेम्पोनं मैदानाच्या मागे उतरवलं. तोंडावर पाणी मारलं आणि शेवटचे दोनशे मीटर मी असा धावत आलो की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेडल वाटणाऱ्या पोरीनं नंबर न पाहताच मेडल गळ्यात घातलं. फोटो टाकला. तुम्ही सगळ्यांनी लाईक केला. "शेर" लिहिलं.
शेर!

विलासभाऊ खूप वेळानं आला. माझ्या गळ्याकडे पाहिलं. वाटलं, आता सगळ्यांसमोर काढतो माझी.
म्हणाला, "पानी पेला का?"
मग म्हणाला, "आयतवारी ये चहाले."

गेलो. निर्लज्जासारखा गेलो.
त्याच्या बहिणीनं कप हातात दिला आणि विचारलं, "खरंच पुरं केलं?"
मी विलासभाऊकडे पाहिलं. तो बशीत फुंकर मारत होता.
"मले काऊन पाहून राह्यला? तुले विचारलं तिनं."
"हो," मी म्हणालो. "पुरं केलं."

फाटकापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "मी नाई सांगत. तूच सांगशील."
त्यानंतर कधी विषय काढला नाही. दुकानात गेलो की फॉर्मचं बोलायचा, झेरॉक्सचं बोलायचा. हे नाही. वर्ष गेलं.

परवा खांदा दिला. घाटावरून परतताना मनात पहिलं काय आलं सांगू?
आता माहीत असणारा कोणी नाही. सुटलो.

थू माझ्यावर. पोस्टरवाले निदान अडाणी आहेत.

तुझं नाव इथं लिहीत नाही. पण तू वाचशील.
तेरा किलोमीटर धावलो. आठ टेम्पोत. शेवटचे दोनशे मीटर नाटक.
तुझ्या घरचा चहा मी खोटं बोलून प्यालो, आणि तुझ्या भावानं ते पाहिलं.
तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहून राह्यलो. आता तू फाटक उघडणार नाहीस, माहीत आहे.

विलासभाऊ, सांगितलं. तू असताना सांगायला पाहिजे होतं.
शेवटचा नमस्कार.