शनिवारचा कोरा पेपर

फोन रविवारी रात्री आला. एझ्राची मुलगी. तिचं मराठी घरात ऐकून शिकलेलं, शब्द शोधत शोधत बोलते. म्हणाली, "वसंतकाका, पप्पा गेले. शुक्रवारी, दिवे लावायच्या आधी." मी म्हटलं, "अगं, मग दोन दिवस काय केलंत? तेव्हाच नाही का कळवायचं?" ती म्हणाली, "काल शनिवार होता ना, काका." झालं! जिवंत होता तेव्हा या शनिवारानं माझं डोकं उठवलं, आणि मेल्यावरही तोच आडवा आला. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. लोक म्हणतात, माणूस गेल्यावर राग निवतो. माझा काही निवलेला नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

पनवेलला आमच्या घरासमोर त्यांचं, बेने इस्रायली ज्यूंचं, घर. आमच्याकडे गणपती बसायचा, त्यांच्याकडे दाराच्या चौकटीला देवाचं वचन ठोकलेलं असायचं, एवढाच काय तो फरक. बाकी सुकटीची कोशिंबीर तीच आणि भांडणंही तीच. त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला गावातले लोक तेव्हा मशीदच म्हणत, आणि तेही म्हणत. एझ्राचे वडील लवकर गेले. घरात आई मिल्काबाई, थोरला भाऊ आणि हा. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांच्या घरात आग पेटवायची नाही आणि लेखणी धरायची नाही. त्यामुळे लहानपणापासून शनिवारी सकाळी त्यांचा स्टोव्ह पेटवायचं काम माझ्याकडे. मिल्काबाई कधी "पेटव" असं म्हणायच्या नाहीत. उंबऱ्यात उभ्या राहून रस्त्याकडे बघत नुसतं म्हणायच्या, "आज घरात चा नाय." मी जायचो, काकडा भिजवायचो, पंप मारायचो, आधण ठेवायचो. पहिला कप मला. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडवलं कायद्यानं. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. आम्ही दोघं बी.ए. झालो आणि मुंबईला वकिलीच्या पहिल्या वर्षात दाखल झालो. सोमवार ते शुक्रवार तो भायखळ्याला मावशीकडे, मी गिरगावात काकांकडे. शुक्रवारी दुपारी एसटीनं दोघंही परत. बेत माझा होता आणि पक्का होता. पनवेलच्या कोर्टाशेजारी एक खोली घ्यायची, एकच पाटी लावायची, तिच्यावर दोघांची नावं. पाटीचा रंगसुद्धा मी ठरवून टाकला होता. त्याच्या घरचा बेत मात्र वेगळा. भावानं इस्रायलला जायचे कागद केले होते. आईनं तोडगा काढला, की एझ्रा पहिलं वर्ष पास झाला तर ती आणि तो इथेच राहतील, नापास झाला तर सगळेच जातील. म्हणजे सगळं त्या एका परीक्षेवर आलं. त्याचं, मिल्काबाईंचं आणि माझंही.

पहिले महिने आमचे हालच झाले. मराठी शाळेत शिकलेली पोरं आम्ही. प्राध्यापक तोंडात सुपारी धरल्यासारखं इंग्रजी बोलायचे आणि मधूनच लॅटिन फेकायचे. मी आपला घोकायचो. एझ्राला घोकता यायचं नाही, त्याला पटावं लागायचं! एकदा भर वर्गात त्यानं उभं राहून विचारलं, "सर, पण हा निकाल बरोबर आहे का?" सर म्हणाले, "निकाल लागलाय, एवढंच आपल्याला पुरे. बरोबर-चूक बघायचं तर देवळात जा." वर्ग हसला. हा मात्र शुक्रवारी परतीच्या गाडीत मला म्हणाला, "वश्या, मला हे जमायचं नाही. एखादी गोष्ट समजली की ती खरी मानून वागावं लागतं ना? का परीक्षेपुरती समजायची?" मी म्हटलं, "परीक्षेपुरतीच समजायची, शहाण्या. अख्खं जग तेच करतं." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याच्या पानात माती कालवली.

मग आलं एजन्सीचं प्रकरण. दुसऱ्याकडून करवून घेतलेलं काम कायद्याच्या नजरेत स्वतःच केलेलं काम. साधी गोष्ट. आम्ही सगळ्यांनी वहीत उतरवली आणि पुढे गेलो. हा तिथेच अडकला. त्या शनिवारी मिल्काबाईंनी उंबऱ्यात येऊन नेहमीसारखं म्हटलं, मी उठलो, आणि हा दारात आडवा! म्हणाला, "नको पेटवूस. तू पेटवलास म्हणजे मीच पेटवला." मला वाटलं, चेष्टा करतोय. पण नाही, स्वारी गंभीर. मिल्काबाई भडकल्या. "मी ह्याला सांगते का रे? कधी बोलले, की पेटव म्हणून? मी माझ्या घरात चा नाय म्हणते. तो शेजारी हाय, त्याला दया येते, तो पेटवतो." एझ्रा म्हणाला, "आई, शब्दानं सांगितलं नाही तरी इतक्या वर्षांच्या वहिवाटीनं सांगितल्यासारखंच होतं. कायद्यात तेही धरतात." मिल्काबाईंनी कपाळावर हात मारला. "आग लागो त्या कायद्याला! तुझा मामा सरकारी कचेरीत दर शनवारी सह्या ठोकतो, त्याला नाय देवानं विचारलं!" त्यावर हा काय म्हणाला असेल? "मामानं हे वाचलेलं नाही. मी वाचलंय."

काय बोलणार यावर? वकिलीचं पुस्तक वाचून माणसं पळवाटा शिकतात. हा एकटा महाभाग, ज्यानं ते वाचून स्वतःच्या पळवाटा बुजवल्या. त्या दिवसापासून शनिवारी त्यांच्याकडे चहा बंद. मिल्काबाई भिंतीला ऐकवायच्या, "आमी अंधारात होतो तेच बरं होतो." शुक्रवारची तर मला धास्तीच बसली. एकदा रोडपालीच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. दिवस मावळला की वाहनात बसायचं नाही, म्हणून सूर्य कलायला लागला तसा यानं पुस्तकांचं बोचकं माझ्या मांडीवर टाकलं, वहाणा हातात घेतल्या आणि खाजणाच्या कडेनं पनवेलकडे चालायलाच लागला. कंडक्टर ओरडतोय, मी ओरडतोय... हा वळूनसुद्धा बघेना.

आणि वेळापत्रक लागलं. करार कायद्याचा पेपर, ज्यात हे एजन्सीचं प्रकरण होतं, तोच नेमका शनिवारी. मी त्याला समजावलं, रागावलो, हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी म्हटलं, "लेखनिक माग. हात मोडलेल्यांना देतात, तुलाही देतील. तू सांग, तो लिहील." तो म्हणाला, "लेखनिक मागावा लागतो, वश्या. अर्ज करावा लागतो. मग त्यानं लिहिलेलं मीच लिहिलं." म्हणजे आलंच ते फिरून! मी म्हटलं, "मग जाऊच नकोस परीक्षेला. घरी बस." तर म्हणे, "हजर राहायला कुठे मनाई आहे?"

त्या सकाळी मी मुद्दाम भायखळ्याला गेलो. शनिवारी हा वाहनात बसणार नाही, खिशात काही घेऊन चालणार नाही, म्हणून आम्ही पायी निघालो. त्याचं हॉल तिकीट मावशीच्या टेबलावर पडलं होतं, ते मी माझ्या खिशात घातलं. वाटेत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "का हो वकीलसाहेब? हे तिकीट मी तुमच्यासाठी वाहतोय ते चालतं?" तो चालता चालता थांबला. मला वाटलं, सापडला! तर अगदी साधेपणानं म्हणाला, "मी सांगितलं नाही. तूच उचललंस." म्हणजे आईचाच मुद्दा की! मी त्याला भर रस्त्यात शिव्या घातल्या. तो हसत होता. परीक्षेच्या दिवशी हसत होता हा माणूस.

हॉलमध्ये तो माझ्या तिरक्या पुढच्या बाकावर होता. पेपर वाटले. त्यानं प्रश्नपत्रिका सावकाश वाचली, उलटून पुन्हा वाचली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. पर्यवेक्षक येऊन काहीतरी बोलले, यानं मान हलवली. माझं पेन चालेना. दर दोन ओळींनी मी मान वर करायचो, वाटायचं, आता उचलेल, आता उचलेल... बाकावरचं पेनही त्याचं नव्हतं, मीच ठेवलं होतं. ते जिथल्या तिथे राहिलं. घंटा झाली तेव्हा त्याची उत्तरपत्रिका धुतल्या धोतरासारखी कोरी होती.

आणि खरा वैताग पुढेच आहे. भायखळ्याला परत चालताना त्यानं तो सगळा पेपर तोंडी सोडवला. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत, रस्त्यातल्या हातगाड्या चुकवत, मुद्द्यामागून मुद्दा. एजन्सीच्या प्रश्नावर तर त्यानं आमचा स्टोव्हच उदाहरणाला घेतला. मिल्काबाईंची बाजू मांडली, मग स्वतःची मांडली, आणि मग म्हणाला, "न्यायाधीश असतो तर मी आईच्या बाजूनं निकाल दिला असता बहुतेक." मी तिथेच थांबलो. ओरडलो, "अरे मग लिहिलं का नाहीस, गाढवा?" तो म्हणाला, "बहुतेक म्हटलं ना. खात्री नव्हती." एजन्सीच्या प्रश्नाचं असं उत्तर मी पुढे चाळीस वर्षांच्या वकिलीत भल्याभल्यांच्या तोंडून ऐकलं नाही. आणि त्याला मिळाला भोपळा.

निकाल लागला. मी पास, तो नापास. पुढच्या परीक्षेला बस, म्हणून मी जीव तोडून सांगितलं, पण भावाचे कागद तयार होते आणि ठरलं होतं ते ठरलं होतं. मिल्काबाईंनी भांडी गल्लीत वाटून टाकली. जायच्या आधीच्या शनिवारी मी आमच्या ओटीवर बसलो होतो, तोंड फिरवून. समोरचं दार उघडलं. मला वाटलं, मिल्काबाई. बघतो तर उंबऱ्यात एझ्रा. रस्त्याकडे बघत, आईच्याच आवाजात म्हणाला, "आज घरात चा नाय." मी उठलो. गेलो, काकडा भिजवला, पंप मारला. तिघांनी मिळून चहा घेतला. त्यानंही घेतला.

तिकडे तो एका इस्पितळात बॉयलर आणि विजेची यंत्रं सांभाळायचा. बऱ्याच वर्षांनी एकदा पनवेलला आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, शनिवारीसुद्धा पाळी असते. माझ्या अंगाचा भडका उडाला. "इथे तीन तास पेन धरलं नाहीस, माझी पाटी अर्धी केलीस, आणि तिथे शनिवारी बटणं दाबतोस?" तो शांतपणे म्हणाला, "तिथे यंत्र बंद पडलं तर माणूस मरतो, वश्या. जीव वाचवायला शनिवारीही मुभा आहे. इथे फक्त मी नापास होत होतो." कोर्टात समोरच्यानं असं अडवलं की मी तारीख मागून घ्यायचो.

आमच्या घरी शनिवारचा पहिला चहा मी करतो. लग्न झाल्यापासून करतो, आणि सुमन, माझी बायको, लग्न झाल्यापासून चेष्टा करते, की आठवड्यात एकदाच नवऱ्याला घर आठवतं. आता गॅस आहे. काकडा नाही, पंप नाही, नुसतं बटण फिरवायचं. फोन आला त्याच्या पुढच्या शनिवारी सुमन म्हणाली, "राहू दे आज, मी करते." मी म्हटलं, "नको." आधण ठेवलं. सवयीनं एक कप जास्त पाणी घातलं गेलं, तेही राहू दिलं. समोर आता चार मजली इमारत आहे, तिला उंबराच नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, शब्दानं नाही आणि वहिवाटीनंही नाही, कारण सांगणारे दोघंही गेले. तेव्हा एझ्रा, कायद्यानं बघितलं तरी हा चहा आता माझा मीच केलेला आहे. तुझ्यावर काही येत नाही. घे.