टँकमधले तीन टायगर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाही नीट ठाऊक नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की पुन्हा येऊन बसते. तेव्हा सांगूनच टाकते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बसवनगुडीत आम्ही एकत्र राहत होतो — सासरे, आम्ही दोघं आणि धाकटा दीर. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. सासूबाई आधीच गेल्या होत्या. निवृत्त झाल्यावर अण्णांनी हॉलमध्ये चार फुटी फिश टँक आणून ठेवला आणि त्यात एंजल माशांची जोडी सोडली. पांढरी, संथ, लांब झुलत्या पंखांची. त्या जोडीशी ते जेवढं बोलत, तेवढं माझ्याशी नऊ वर्षांत बोलले नव्हते. — नको. हे असं सांगायला लागले की ते कारण वाटायला लागतं. ते कारण नाही.

मग दिराचं लग्न झालं. मृदुला सांगलीची. आल्या महिन्यातच ती संध्याकाळी अण्णांशेजारी टँकसमोर बसू लागली. ‘मृदुला, बा इकडे, बघ कसा वळतोय,’ अण्णा अर्धं कानडीत हाक मारायचे. मी आत चपात्या लाटत ऐकायची. माझ्या माहेरी, मैसूरला, वडिलांकडे तीन टँक होते. माशांतलं मला त्या दोघांहून जास्त कळत होतं. मला कुणी विचारलं होतं का? — आणि मी तरी कधी सांगितलं होतं?

एक दिवस अण्णा म्हणाले, टँक रिकामा वाटतो, थव्यानं फिरणारे छोटे मासे हवेत. ते काम त्यांनी मृदुलावर सोपवलं. घरातलं सगळं ती मलाच विचारायची, तशी सरळ माझ्याकडे आली, स्वयंपाकघरात.

‘अक्का, कुठले आणू? एंजलबरोबर नीट राहतील असे सांगा.’

मी म्हणाले, ‘टायगर बार्ब आण. पट्ट्यापट्ट्यांचे असतात, छान दिसतात. तीनच आण, उगाच गर्दी नको.’

टायगर बार्ब लांब पंखांचे मासे कुरतडतात. आठ-दहा असले तर निदान आपापसांत पाठलाग करत राहतात. तीनच असले की दुसऱ्यांच्या मागे लागतात. हे मला माहीत होतं. तव्यावरची चपाती उलटताना, तिच्याकडे न बघता बोलताना — माहीत होतं.

मला काय वाटलं होतं? अण्णांची थोडी बोलणी खाईल, एवढंच? तसं म्हणता येईल. पण दोन दिवसांत एंजलच्या पंखांच्या चिंध्या झाल्या. मग ते दोघे मागच्या कोपऱ्यात, पाइपाच्या आड, अंग चोरून थांबू लागले. मी जाता-येता बघत होते. ते तीन मासे बाहेर काढायला एक जाळी लागते आणि पाच मिनिटं. जाळी टँकखालच्या कपाटातच होती. मी हात लावला नाही. एक एंजल गुरुवारी गेला, दुसरा शनिवारी.

अण्णांनी दुकानात जाऊन चौकशी केली. घरी येऊन ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मृदुलाला एवढंच विचारलं, ‘कुणाला विचारून आणलेस?’

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती माझं नाव घेणार नव्हती. मी आपणहून बोलेन, याची वाट बघत होती.

मी बोलले. ‘मी तिला आठ-दहा आण म्हटलं होतं, अण्णा. घाईत तिनं नीट ऐकलं नसेल.’

मृदुलाच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही — गोंधळ दिसला. आपलंच ऐकण्यात चुकलं की काय, असा. तो गोंधळ बघूनही मी पुढे काही बोलले नाही. अण्णांनी तिला पुन्हा कधी टँकसमोर बोलावलं नाही. माशांना खाणं घालायचं काम माझ्याकडे आलं. वर्षभरात ती दोघं इंदिरानगरला भाड्याच्या घरात राहायला गेली. ऑफिस जवळ पडतं म्हणून, असं सगळे सांगत. मीही तेच सांगायची. अण्णा गेले तोवर त्यांच्या लेखी ती निष्काळजी मुलगीच होती.

गेल्या वर्षी एका लग्नात मृदुला भेटली. केस पिकलेत तिचे. पंगतीत शेजारी बसलो. बोलता बोलता म्हणाली, ‘अक्का, अण्णांचे ते एंजल आठवतात? तुम्ही आठ-दहा सांगितले होतेत आणि मी तीनच घेऊन आले. माझं लक्षच नसायचं तेव्हा. फार लागलं होतं हो त्यांच्या मनाला.’

तिला ते खरंच तसं आठवत होतं. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, घाई नव्हती, अण्णाही राहिले नव्हते. कशाची भीती होती मला?

‘जाऊ दे गं,’ मी म्हणाले. ‘होतं असं. एवढं मनाला लावून घेऊ नये.’

तिनं डाव्या हातानं माझा हात धरला. मी धरू दिला.